जुन्या ट्रॅक्टरचा लांबचा प्रवास आणि त्याच्या पाण्याची व्यवस्था

दसरा आटोपून ऊस गळिताचे दिवस जवळ आले, म्हणजे कृष्णा-वारणेच्या काठच्या गावांतून ट्रॅक्टर बीडच्या वाटेला लागतात. पाटोदा, आष्टी, शिरूर ह्या बाजूच्या ऊसतोड टोळ्यांशी मुकादमामार्फत करार झालेला असतो, उचल देऊन झालेली असते, आणि कारखान्याचा भोंगा वाजण्यापूर्वी टोळी फडावर हजर करावयाची असते. पाटोदा, जामखेड, करमाळा, टेंभुर्णी, पंढरपूर, सांगोला, मिरज असा हा सुमारे तीनशे किलोमीटरांचा पल्ला आहे. जाताना दोन्ही ट्रॉल्या रिकाम्या असतात. येताना त्यांत टोळीचे सारे बिऱ्हाड येते. धान्याची पोती, भांडी, झोपड्यांचे बांबू व चटया, सरपण आणि पुष्कळदा बैलही त्यांत असतात.

ह्या कामी नवा ट्रॅक्टर क्वचितच पाठविला जातो. नवा घरी मशागतीस ठेवतात, आणि पंधरा-वीस वर्षे राबलेला, पस्तीस-चाळीस अश्वशक्तीचा जुना ट्रॅक्टर टोळी आणावयास धाडतात. त्याचे टायर पाहिले जातात, तेल बदलले जाते, ट्रॉलीचा हूक व पिन तपासली जाते. पाण्याविषयी मात्र रेडिएटरचे झाकण उघडून, आत बोट घालून, "भरलेले आहे" एवढीच खात्री करून घेण्याची वहिवाट आहे. वाटेत बंद पडलेल्या ट्रॅक्टरांची चौकशी केली असता त्यांतील बरेचसे पाणी उकळून बंद पडलेले आढळतात, आणि त्याचे मूळ निघण्याच्या दिवशीचे नसून मागील पाच-सहा वर्षांचे असते. महसूल खात्यात जन्म गेल्यामुळे प्रस्तुत लेखकास ही गोष्ट थकबाकीसारखी वाटते. ती दरसाल थोडी थोडी साचते, कोणाच्या डोळ्यांवर येत नाही, आणि वसुली मात्र एकदम, तीही अडचणीच्या जागी होते. म्हणून ह्या लेखात निघण्यापूर्वी तीन-चार आठवडे ह्या व्यवस्थेकडे कसे पाहावे ते सांगण्याचे योजिले आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, शेतातील काम आणि रस्त्यावरील ओढ ह्यांत फरक आहे. नांगरटीत ट्रॅक्टर तास संपताच वळतो, अवजार उचलले जाते, यंत्रास क्षणभर विसावा मिळतो. रस्त्यावर दोन भरलेल्या ट्रॉल्या ओढीत तो सहा-सहा तास सलग चालतो. ताशी वीस किलोमीटर वेगात समोरून येणारा वारा रेडिएटर थंड करण्यास पुरेसा नसतो. जे काही करावयाचे ते पंख्यानेच केले पाहिजे. त्यात दसऱ्यानंतर दख्खनच्या पठारावर वारा बहुधा ईशान्येकडून वाहू लागतो, आणि बीडहून सांगलीकडे येणारा भरला ट्रॅक्टर नैऋत्येस चाललेला असतो. वारा पाठीमागून येतो आणि रेडिएटरला मिळावयाची हवा आणखी कमी होते. ऑक्टोबरचे ऊनही काही थोडे नसते. जो ट्रॅक्टर आपल्या शिवारात वर्षभर कधी तापला नाही, तोच करमाळ्याच्या माळावर का तापतो, ह्याचे उत्तर ह्यातच आहे.

उष्णतेचा जमाखर्च मांडला तर तो असा होतो. शंभर रुपयांचे डिझेल जाळले असता त्यातील साधारण तीस-पस्तीस रुपयांचेच काम यंत्राच्या हाती लागते. सुमारे तितकीच उष्णता धुराड्यावाटे निघून जाते, आणि उरलेली, म्हणजे पाव ते एक-तृतीयांश भाग, सिलिंडरच्या भोवतीच्या पाण्याने उचलून रेडिएटरमध्ये नेऊन टाकावयाची असते. ट्रॅक्टर जितका जोर करील तितके डिझेल अधिक जळते आणि पाण्याच्या वाट्याचा बोजाही तितकाच वाढतो. जुन्या काळच्या फोर्डसन ट्रॅक्टरात पाणी फिरविण्यास पंपच नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन वर चढे, थंड झालेले खाली उतरे, आणि त्याच आधारावर फेरा चाले. पुढे पंप आला, थर्मोस्टॅट आला, दाबाचे झाकण आले. ह्या तिन्ही सुधारणा यंत्रास अधिक काम झेपावे म्हणून आल्या, आणि आपल्याकडील रस्त्याकाठचे मिस्त्री पहिली संधी साधून त्यांतील दोन काढून टाकतात. त्याविषयी पुढे येईलच.

पहिला विचार पाण्याचा. रेडिएटरमध्ये कोणते पाणी आहे ह्यास आपण फारसे महत्त्व देत नाही, आणि माझ्या मते सर्व अनर्थाचे मूळ हेच आहे. विहिरीच्या, विशेषतः बोअरच्या पाण्यात चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी तापले की हे क्षार सुटे होऊन जेथे उष्णता सर्वांत अधिक तेथे, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीवर व हेडच्या पोकळ्यांत, पांढऱ्या थराच्या रूपाने बसतात. घरातील पाणी तापविण्याच्या बंबात जो थर जमतो तोच हा. बिडाच्या मानाने हा थर उष्णता कित्येक पटींनी कमी वाहून नेतो. त्यामुळे पाणी गरम दिसत नसतानाही आतील बीड भलतेच तापलेले असू शकते.

येथे एक गोष्ट बारकाईने समजून घ्यावी. रेडिएटर एकदा भरला आणि त्यातील पाणी कमी झाले नाही, तर त्यातील क्षार तेवढेच राहतात व थरही तेवढ्यावरच थांबतो. परंतु जेथे रोज सकाळी लिटरभर पाणी घालावे लागते तेथे वाफ निघून जाते आणि क्षार मागे राहतात. मिठागरात समुद्राचे पाणी आत घेत राहून ऊन लावावे, तसा हा प्रकार होतो. वर्षभर रोज घातलेल्या लिटरभर पाण्याचे क्षार अखेर दहा-बारा लिटर मावणाऱ्या त्या पोकळीतच साचले म्हणावयाचे. म्हणून "रोज थोडे पाणी लागते, पण चालते" असे ज्या ट्रॅक्टरविषयी म्हटले जाते, तो ट्रॅक्टर पाणी कोठे घालवितो ते शोधल्याखेरीज लांब पाठवू नये.

पाणी चांगले कोणते म्हणाल, तर बॅटरीत घालण्याचे शुद्ध पाणी सर्वांत उत्तम, आणि ते काही महाग नाही. पहिले दोन-तीन पाऊस जाऊ देऊन स्वच्छ पत्र्यावरून धरलेले पावसाचे पाणीही चांगले. दोन्हींची सोय नसेल तर विहिरीचे पाणी चांगले उकळून, रात्रभर निवत ठेवून, वरचे निवळ तेवढे घ्यावे. ह्याने सर्व क्षार जात नाहीत, पण थर धरणाऱ्यांपैकी पुष्कळसा भाग भांड्याच्या तळाशी राहतो.

ह्या पाण्यात बाजारात मिळणारे कूलंट योग्य प्रमाणात मिसळावे. आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग हे कशाला, असा प्रश्न पुष्कळजण करतात. गोठण्याचा प्रश्न आपल्याकडे नाही हे खरे. परंतु कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्ये असतात, आणि त्यातील ग्लायकोलमुळे पाणी उकळण्याचा बिंदूही काही अंशांनी वर जातो. निम्मे पाणी व निम्मे ग्लायकोल असे मिश्रण उघड्या भांड्यात सुमारे १०७ अंश सेल्सिअसला उकळते. प्रमाण मात्र डब्यावर लिहिल्याप्रमाणेच ठेवावे. नुसते ग्लायकोल भरणे हितावह नाही, कारण उष्णता उचलण्याचा गुण पाण्याच्या अंगी त्याहून अधिक आहे. आणखी एक सावधगिरीची सूचना. हे द्रव्य चवीस गोडसर व अत्यंत विषारी असते. काढलेले जुने कूलंट गोठ्याजवळ वा उघड्या चरीत ओतू नये. कुत्री व जनावरे ते पितात आणि दगावतात.

आता साफसफाई. जुना थर काढण्याचे काम निघण्यापूर्वी किमान तीन आठवडे करावे, कारण थर निघाला की त्याखाली झाकलेली छिद्रे उघडी पडतात आणि कालपर्यंत न गळणारा रेडिएटर आज गळू लागतो. ते घरी कळलेले बरे. आत तेलकट चिखल असेल तर प्रथम धुण्याच्या सोड्याचे पाणी, दहा लिटरांस साधारण अर्धा किलो ह्या मानाने, भरून ट्रॅक्टर तासभर हलक्या कामावर चालवावा, आणि यंत्र सोसवेल इतके निवल्यावर खालची तोटी व सिलिंडर ब्लॉकची तोटी अशा दोन्ही उघडून सोडून द्यावे. पुष्कळजण रेडिएटरचीच तोटी उघडतात आणि ब्लॉकमधील गाळ तसाच राहतो. ब्लॉकची तोटी गाळाने चोंदलेली असल्यास ती काढून तारेने भोक मोकळे करावे. क्षाराच्या पांढऱ्या थरास सोडा पुरत नाही. त्यास लिंबूसत्त्व लागते. लिटरला वीस-पंचवीस ग्रॅम ह्या मानाने ते कोमट पाण्यात विरघळवून भरावे, यंत्र तापेपर्यंत चालवावे, दोन-तीन तासांनी सोडून द्यावे, आणि स्वच्छ पाण्याने तीन-चार वेळा धुवावे. शेवटच्या आधीच्या धुण्यात चिमूटभर धुण्याचा सोडा टाकला म्हणजे आम्लाचा राहिलेला अंश मरतो. ही कृती तांब्या-पितळेच्या जुन्या रेडिएटरची आहे. अलीकडे ॲल्युमिनियमचे रेडिएटर बसविलेले असतात. त्यांस सोडा खातो, आणि कॉस्टिक सोडा तर मुळीच लावू नये. तेथे त्याच कामाचे तयार द्रावण घ्यावे.

थर फारच जुना असेल तर रेडिएटर उतरवून कारागिराकडे न्यावा. तो वरची टाकी उकलून नळ्यांतून सळई फिरवितो व पुन्हा डाख देतो. रेडिएटर चोंदला आहे की नाही हे पाहण्याची सोपी रीत म्हणजे, यंत्र चांगले तापवून बंद करावे, पंखा थांबल्याची खात्री करावी, आणि मग रेडिएटरच्या जाळीवरून जपून तळहात फिरवावा. वरून खाली उष्णता क्रमाने उतरत गेली पाहिजे. मध्येच एखादा पट्टा थंडगार लागला तर तेथील नळ्यांतून पाणी वाहत नाही असे समजावे.

बाहेरची बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. मळणीचा भुसा, पाचटाची कुसळे, गवताचे बी आणि डिझेलचा ओशटपणा मिळून जाळीत असा लगदा बसतो की हवा आत जातच नाही. पंखा समोरून हवा ओढतो, म्हणून कचरा पुढील बाजूने बसलेला असतो, आणि पाणी मारावयाचे ते इंजिनच्या बाजूने पुढे. समोरून जोराचा फवारा मारला तर लगदा अधिकच आत ठासला जातो व पातळ पत्र्या वाकतात. वाकलेल्या पत्र्या बोथट सुरीने हलकेच सरळ कराव्यात. पुढील संरक्षक जाळी वाटेतही दोन-तीनदा झाडावी लागते. पंख्याभोवतीचे पत्र्याचे कडे पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरांवरून नाहीसे झालेले दिसते. ते काढले की पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूचीच गरम हवा घुसळीत बसतो. तसेच दुरुस्तीच्या वेळी पंखा उलटा बसला असेल तर हवेची दिशा बदलत नाही, पण तिचे प्रमाण पुष्कळ घटते. ही चूक नजरेस येत नाही, म्हणून मुद्दाम पाहावी.

ज्यांचे ट्रॅक्टर जुन्या आयशरसारखे हवेने थंड होणारे आहेत त्यांस पाण्याचा हा खटाटोप नाही. परंतु सिलिंडरच्या पन्हाळ्यांतील चिखल-भुसा त्यांनी तितक्याच काळजीने काढावयास हवा.

आता झाकण व थर्मोस्टॅट. रेडिएटरचे झाकण हे केवळ झाकण नव्हे, ती दाबाची झडप आहे. अनेक जुन्या ट्रॅक्टरांवर ७ पौंडांच्या आसपास दाबाचे झाकण असते. तेवढ्या दाबाखाली साधे पाणी १०० अंशांऐवजी ११० अंशांच्या पुढे उकळते. झाकणाचे रबर चिरले किंवा स्प्रिंग मेली, की हे दहा-बारा अंश आपण गमावले. उंचावर पाणी आणखी लवकर उकळते, दर तीनशे मीटरांस साधारण एक अंश, हेही लक्षात ठेवावे. काही ठिकाणी झाकण हरवले म्हणून चिंधी अथवा लाकडाची खुंटी ठोकलेली मी पाहिली आहे. लांबच्या प्रवासास अशी योजना अगदीच त्याज्य होय. तितकेच अयोग्य म्हणजे अधिक दाबाचे झाकण आणून बसविणे, कारण जुने होज पाइप व डाखाचे सांधे तो दाब सोसत नाहीत. झाकण आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत लिहिलेल्या दाबाचेच असावे.

थर्मोस्टॅटविषयी तर मिस्त्रीलोकांत एक ठाम समजूत आहे की, ही वस्तू थंड देशांसाठी आहे, आपल्या देशात ती काढून टाकावी. ही समजूत सर्वस्वी चुकीची आहे. थर्मोस्टॅट यंत्र थंड असेतो पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही आणि सुमारे ८० अंशांवर वाट मोकळी करू लागतो. तो नसला तर हलक्या कामावर यंत्र आवश्यक तितके तापत नाही, डिझेल पुरते जळत नाही, न जळलेला अंश सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुऊन खाली तेलात मिसळतो, आणि रिंग व लाइनर लवकर झिजतात. पुन्हा ज्या यंत्रांत पाण्यास आडवाट ठेवलेली असते, त्यांत थर्मोस्टॅट काढल्यास काही पाणी रेडिएटरला न जाता त्या आडवाटेनेच घोटाळत राहते, आणि जोराच्या कामावर यंत्र उलट अधिक तापते. अडकून बंद राहिलेला थर्मोस्टॅट यंत्र तापवितो हे खरे. पण त्यास उपाय नवा बसविण्याचा आहे. तपासणीही कठीण नाही. पातेल्यात पाणी घेऊन थर्मोस्टॅट दोऱ्याने असा लोंबता सोडावा की तळास टेकणार नाही, बाजूस उष्णतामापक धरावा, आणि पाणी तापवीत जावे. खुणेच्या अंशाजवळ तो उघडू लागला व त्यापुढे दहा-बारा अंशांत पुरता उघडला तर तो शाबूत आहे.

पंपाचे परीक्षण दोन प्रकारे होते. पंख्याची पाती धरून पुढे-मागे हलवून पाहावी. खडखड जाणवली तर बेअरिंग गेले. पंपाच्या पोटाशी एक बारीक भोक असते. त्यातून थेंब गळत असेल किंवा तेथे पांढरट-तांबूस ओघळ वाळलेला असेल तर आतील सील गेले. असा ओघळ दिसताच ते भोक साबणाने बुजविणारे महाभाग आहेत! त्याने पाणी बेअरिंगात शिरते आणि मग पंप वाटेत जाम होतो.

पट्टा अंगठ्याने मध्यभागी दाबला असता साधारण अर्धा इंच खाली जावा. अधिक सैल असल्यास तो घसरतो, अधिक ताठ असल्यास पंपाचे बेअरिंग खातो. कडा चकचकीत झालेला, तेल प्यालेला वा चिरा गेलेला पट्टा बदलून टाकावा. जुन्या ट्रॅक्टरात बहुधा एकच पट्टा पंप, पंखा व डायनामो ह्या तिघांस फिरवितो. ह्यातून एक उपयुक्त खूण मिळते. चालू यंत्रात चार्जिंगचा काटा एकाएकी उलट बाजूस गेला वा तांबडा दिवा लागला, तर पट्टा तुटला असे समजून तत्काळ थांबावे. पाण्याचा काटा ही वार्ता पुष्कळ उशिरा देतो.

होज पाइप दाबून पाहावेत. मऊ पडलेला, फुगलेला, टोकाशी चिरलेला पाइप टाकून द्यावा. खालचा पाइप पंपाच्या ओढीने आत चपटा होतो आणि पाण्याची वाट बंद करतो. तो उभ्या ट्रॅक्टरात धडधाकट दिसतो, म्हणून यंत्राची गती वाढवून त्याकडे पाहावे. ज्यांत आतून तारेची स्प्रिंग असते त्यांत ती कुजून गेली नाही ना हेही पाहावे. क्लिपांऐवजी बांधणीची तार वापरू नये.

उष्णतेचा काटा चालत नसेल तर निघूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शंभर-दोनशे रुपयांच्या वस्तूसाठी लाखभराच्या यंत्रावर डोळे मिटून बसणे शहाणपणाचे नाही. मात्र काट्यावरही आंधळा विश्वास नको. पाणी इतके कमी झाले की काट्याचा कंद कोरडा पडला, तर काटा गार दाखवितो आणि यंत्र जळत असते. काटा चढावर एकाएकी खाली आला तर आनंद न मानता थांबून पाहावे.

थंड यंत्र सुरू करून, झाकण उघडे ठेवून, गती वाढवीत असता पाण्यातून सारखे बुडबुडे येत असतील, तेलाच्या कांडीवर दुधाळ रंग दिसत असेल, किंवा गळती कोठेच नसता पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केट अथवा हेड ह्यांत दोष आहे. हे काम चांगल्या फिटरचे, आणि ते झाल्याशिवाय बाकीचे सर्व व्यर्थ. नोझल, पंपाचे टायमिंग, चोंदलेला सायलेन्सर, घसरणारा क्लच, ट्रॉलीचे घासणारे ब्रेक, कमी हवेचे टायर, ह्या सर्वांनी यंत्र तापते. परंतु त्यांचा विचार येथे विस्तारभयास्तव करीत नाही.

सर्व झाल्यावर परीक्षा घ्यावी. एक ट्रॉली शेणखताने भरून जवळच्या चढाच्या रस्त्याने दुपारच्या उन्हात तासभर ओढून आणावी, आणि पुढे आठ दिवस रोज सकाळी यंत्र थंड असता पाण्याची पातळी पाहून वहीत टिपून ठेवावी. आठ दिवसांत पातळी हलली नाही म्हणजे प्रवासास हरकत नाही.

बरोबर नेण्याच्या वस्तू थोड्याच. त्याच मापाचा एक पट्टा, वरचा व खालचा होज, चार क्लिपा, एक झाकण, पाने, पकड, जाड गोणपाट, आणि वीस लिटरांचे दोन डबे घरच्या चांगल्या पाण्याचे. हे पाणी पिण्याच्या पाण्यापासून निराळे ठेवावे व डब्यास खूण करावी. वाटेत ओढ्याचे वा टाकीचे पाणी घालण्याचा प्रसंग ह्याने टळतो. गळती थांबविण्यास रेडिएटरमध्ये हळद टाकण्याची युक्ती सर्वश्रुत आहे. ती छिद्र बुजविते हे खरे, पण बारीक नळ्याही बुजविते. अगदी निरुपाय झाला तर चिमूटभर टाकून जवळच्या गावापर्यंत यावे, आणि घरी आल्याबरोबर सर्व धुऊन काढावे.

चालविण्याची रीतही सांगितली पाहिजे. पहाटे निघून दुपारी बारा ते साडेतीन झाडाखाली थांबावे. पंप व पंखा यंत्राच्या गतीबरोबर फिरतात, म्हणून चढावर वरच्या गिअरमध्ये यंत्र कुंथत नेऊ नये. चढ सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकून मध्यम गतीने शांतपणे चढावे. काटा नेहमीच्या जागेवरून सरकू लागताच गती व बोजा कमी करावा. थांबताना यंत्र एकदम बंद करू नये. तीन-चार मिनिटे रिकामे चालू द्यावे, म्हणजे हेडमध्ये साचलेली उष्णता पाणी वाहून नेते.

एवढे करूनही पाणी उकळलेच, तर घाई हाच खरा शत्रू. ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेस घेऊन, चाकांस दगड लावून, पट्टा शाबूत व पाणी शिल्लक असल्यास यंत्र थोड्या गतीने रिकामे चालू ठेवावे. पट्टा तुटला किंवा पाणीच संपले असल्यास मात्र लागलीच बंद करावे. झाकणास हात लावू नये. आत दाबाखाली असलेले पाणी झाकण सुटताच वाफ होऊन उसळते, आणि तोंड, डोळे, छाती भाजून निघतात. अर्धा-पाऊण तास जाऊ द्यावा, वरचा होज हातास सोसेल इतका निवला की गोणपाट टाकून झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवावे, फुसकारा थांबेपर्यंत वाट पाहावी, मगच काढावे. पाणी घालताना यंत्र सुरू ठेवून हळूहळू घालावे. तापलेल्या कोरड्या यंत्रात एकदम गार पाणी ओतले तर हेडला चीर जाते, आणि मग जी दुरुस्ती निघते तीत हंगामाची वाहतूक-कमाई बुडते.

ह्याहूनही मोठी हानी पैशाची नव्हे. उकळून बंद पडलेला ट्रॅक्टर रात्री रस्त्यात उभा असतो. पट्टा तुटलेला असला तर डायनामो बंद, म्हणजे थोड्या वेळाने दिवेही जातात, आणि मागून भरधाव मालमोटार येते. अशा ट्रॉलीत बायका व लहान मुले निजलेली असतात. मालाच्या ट्रॉलीतून माणसे नेण्यास कायद्याची परवानगी नाही हे सर्वांस ठाऊक आहे, आणि तरीही दरसाल ती आणली जातात. कराराच्या वेळीच मुकादमाशी बोलून माणसांसाठी एसटी अथवा जीपचे भाडे बाजूस काढावे, आणि ट्रॉलीत बिऱ्हाड तेवढे आणावे. दोन कोयत्यांच्या उचलीच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे. ट्रॉलीच्या मागे व बाजूंस तांबडे परावर्तक असावेत, आणि ट्रॅक्टरच्या दिव्यांवर अवलंबून नसलेली एक निराळी बॅटरी चालकाजवळ असावी.

टोळी फडावर पोहोचली की दुसऱ्या दिवशी सकाळी, यंत्र थंड असता, पुन्हा पातळी पाहावी व निघण्यापूर्वीच्या टिपणाशी ताडून घ्यावी. अर्ध्या लिटराहून अधिक पाणी कमी भरले, तर दोन ट्रॉल्या उसाने भरून कारखान्याच्या फेऱ्या सुरू करण्यापूर्वी गळती शोधावी. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडला नाही तर वजन व साखर दोन्ही घटतात, आणि त्या दिवसांत मिस्त्री कोणाच्याच हाती लागत नाहीत.